उकिडवे सरांचा पासवर्ड

"केतकी, माझा पासवर्ड कधी संपतोय बघ गं जरा."

फोनवर उकिडवे सर होते. मी नुकतीच येऊन बसले होते, डबासुद्धा अजून पिशवीतच होता. समोरच्या कॉम्प्युटरवरच्या काळ्या खिडकीत त्यांचं नाव टाइप केलं आणि आलेल्या तारखा वाचल्या.

"सर, भरपूर दिवस आहेत. कालच तर बदललाय तुम्ही."

"मी?"

"हो. काल दुपारी."

पलीकडून हसल्यासारखा आवाज आला. "असेल, असेल. चालत नाहीये ना, म्हणून वाटलं संपला की काय."

"कॅप्स लॉक चालू राहिलं असेल, सर. नाहीतर मी येऊन बघते."

"नको, नको. शमीम आहे इथे. बघतो आम्ही."

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा फोन. "केतकी, माझा पासवर्ड कधी संपतोय?" मी पुन्हा नाव टाकलं. शेवटचा बदल, काल दुपारी. म्हणजे परवाही बदलला होता आणि कालही. मी सरांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "बरं," आणि फोन ठेवला.

महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी तेव्हा कॉम्प्युटरचं सगळं बघायचे. सगळं म्हणजे खरंच सगळं. सर्व्हरपासून कुणाच्या माऊसखाली अडकलेल्या कचऱ्यापर्यंत. आम्ही औषधांचा कच्चा माल बनवायचो. मुख्य माल झटक्यांच्या आजारावरच्या औषधाचा. गोळ्या दुसरीकडे बनायच्या, पावडर आमची. परदेशी गिऱ्हाईक होतं, आणि त्यांच्या तपासणीत असं निघालं होतं की आमच्याकडची माणसं वर्षानुवर्षं एकच पासवर्ड वापरतात आणि तो मॉनिटरला चिकटवूनही ठेवतात. तेव्हापासून नियम आला, पंचेचाळीस दिवसांनी पासवर्ड आपोआप संपणार. आधी आठवडाभर पडद्यावर सूचना यायची, पण ती कुणी वाचत नसे. मग माझ्याकडे फोन, "मॅडम, कॉम्प्युटर आत घेत नाही." म्हणून मी दर सोमवारी सगळ्यांच्या तारखा तपासायचे आणि ज्यांचा संपत आला असेल त्यांना स्वतःच फोन करायचे. कंटाळवाणं काम. पण त्यातून माणसं कळायची. कोण शेवटच्या दिवसापर्यंत थांबतं, कोण बायकोचं नाव सोडून मुलीच्या नावावर येतं.

उकिडवे सरांचा पासवर्ड मात्र साधा पासवर्ड नव्हता, ती सही होती. ते गुणवत्ता विभागाचे प्रमुख. तयार झालेला माल त्यांनी कॉम्प्युटरवर मंजूर केल्याशिवाय गेटच्या बाहेर जात नसे, आणि मंजूर करताना दर वेळी पासवर्ड पुन्हा टाकावा लागायचा. हाताने सही करायचे दिवस संपले होते. ते त्या कारखान्यात पहिल्या दिवसापासून होते. पायाचे दगड बसत होते तेव्हा मी छत्री घेऊन उभा होतो, असं सांगायचे. मी नवीन होते तेव्हा मला सगळ्या प्लांटमधून फिरवून आणलं होतं त्यांनीच. "तुझ्या तारांमधून नुसते आकडे जातात असं समजू नकोस," म्हणाले होते. "हे बघून ठेव." असं कोणी साहेब कॉम्प्युटरवाल्या मुलीला कशाला सांगेल? त्यांनी सांगितलं होतं.

म्हणून तारखांचा तो घोळ मला तसाच सोडवेना. माणूस पासवर्ड रोज कशाला बदलेल? आधी वाटलं, सर्व्हरमध्येच काहीतरी बिघडलंय. माझं स्वतःचं नाव टाकून पाहिलं. तारीख जिथली तिथे. अकाउंट्सच्या दोघांची पाहिली, स्टोअरची पाहिली. सगळं ठीक. सर्व्हरचं घड्याळ पाहिलं. तेही बरोबर. फक्त एका माणसाचा पासवर्ड रोज नवा होत होता, आणि तो संपायची तारीख रोज एक दिवस पुढे सरकत होती, आपण चालत जावं आणि डोंगर तेवढाच लांब राहावा तशी.

बदल कुठून होतोय, तेही दिसायचं. सरांच्याच खोलीतल्या कॉम्प्युटरवरून. वेळ रोज जेवणाच्या सुट्टीतली.

त्या शुक्रवारी कँटीनला वालाची उसळ होती. उकिडवे सर ताट घेऊन माझ्यासमोर येऊन बसले. नेहमीसारखे गप्पा मारत होते, शिमग्याला गावी जायचंय, घरात पालखी येणार आहे वगैरे. उसळ निवत चालली होती. दोनदा मी त्यांना जेवा म्हटलं. सुट्टी संपेपर्यंत आम्ही दोघं तिथेच होतो. मी परत जागेवर आले आणि सहज म्हणून त्यांचं नाव टाकलं.

पासवर्ड बदलला होता. आम्ही समोरासमोर बसून जेवत होतो त्याच वेळी.

म्हणजे सरांनी 'मी?' म्हणून विचारलं ते खरंच होतं. ते बदलत नव्हतेच. दुसरंच कुणीतरी त्यांच्या खोलीत बसून त्यांची सही आपल्या ताब्यात घेत होतं. रोज.

मी तेरवणकर साहेबांकडे गेले. वसंत तेरवणकर प्रशासन बघायचे आणि माझं कामही त्यांच्याच हाताखाली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एका क्षणात सोडवलं.

"परकारबाई. दुसरं कोण असणार?"

"शमीम मॅडम?"

"अगं, सरळ आहे. उकिडवे आता निवृत्त होणार. त्या जागेसाठी बाहेरून माणूस आणायचा असं वरून ठरतंय, हे तिला कळलंय. आता ती चिडून काहीतरी गडबड करून दाखवणार, त्यांच्या नावावर." ते पुढे झुकले. "पुढच्या आठवड्यात गिऱ्हाइकाची माणसं तपासणीला येतायत. मंजुरीचा पासवर्ड दुसऱ्याच्या हातात आहे असं त्यांना दिसलं तर हा कारखाना बंदच समज. तू तिला बदलताना बघ, मला येऊन सांग. तिला काढायचं पत्र मी तयार ठेवतो."

"सरांना सांगू का?"

"कुणालाच नाही."

मला ते पटतही नव्हतं आणि नाकारताही येत नव्हतं. शमीम परकार सरांच्या हाताखाली वीस वर्षं होत्या. खेडच्या. बारीक अंगाच्या, मोठ्या चष्म्याच्या, आवाज कधी चढलेला नाही. प्रयोगशाळेतला कोणताही कॉम्प्युटर अडला की इतर लोक माझ्यावर ओरडायचे, त्या आधी "जेवलीस का?" म्हणून विचारायच्या. पण माणूस कसा आहे यावरून तो काय करेल हे कुठे कळतं, असंही वाटत होतं. शनिवार-रविवार मी त्याच विचारात घालवले. आईने दोनदा विचारलं, काय झालंय.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी प्रिंटरची शाई घेऊन गुणवत्ता विभागात गेले. प्रयोगशाळा रिकामी होती. सरांच्या खोलीचं दार सताड उघडं, आणि त्यांच्या कॉम्प्युटरसमोर शमीम मॅडम.

त्या दचकल्या नाहीत. कीबोर्डवरचा हातही काढला नाही.

"ये, केतकी. बस."

"मॅडम, हा सरांचा..."

"हो, सरांचा. पासवर्ड बदलतेय. झालंच." दोन-चार कळा दाबल्या, पडदा बंद केला, चष्मा काढून पदराने पुसला. "तुला कळायला एवढे दिवस लागले? मला वाटलं होतं लवकर येशील."

चोर पकडायला आले होते आणि चोर मला उशीर झाला म्हणून सांगत होता.

"का करताय तुम्ही हे?"

"तेरवणकरांनी पाठवलं?"

मी हातातल्या शाईकडे पाहिलं. त्यांना तेवढं पुरलं.

"सांगून तुला खरं वाटणार नाही," त्या म्हणाल्या. "उद्या सकाळी सर आले की इथे येऊन बस. प्रिंटर दुरुस्त करतेय म्हण. बघ, आणि मग तेरवणकरांना काय सांगायचं ते सांग. मी अडवणार नाही."

मी रागावूनच परत आले. मला वाटलं, ही बाई वेळ काढतेय. तेरवणकर साहेबांनी जिन्यात गाठून विचारलं, "काय?" मी म्हटलं, "उद्या सांगते." का म्हटलं, आजही सांगता येत नाही.

मंगळवारी सकाळी मी सरांच्या खोलीच्या कोपऱ्यात प्रिंटर उघडून बसले. सर आले, मला पाहून हात केला, खुर्चीत बसले आणि पासवर्ड टाकला. चुकला. दुसरा टाकला, तोही चुकला. त्यांची बोटं कीबोर्डवर थांबली. मग त्यांनी हाक मारली, "शमीम, आज काय ठेवलंय आपण?"

"आले सर." मॅडम कागद घेऊन आल्या आणि शेजारी खुर्ची ओढून बसल्या. "आधी कागद बघून घेऊ, मग मी टाकते."

कागद म्हणजे त्या दिवशी बाहेर जाऊ घातलेल्या मालाचे तपासणीचे निकाल. प्रत्येक लॉटचा एक. सरांनी पहिला उचलला आणि लगेच भुवया वर गेल्या.

"हा नाही जायचा. पाणी बघ किती राहिलंय ह्यात." त्यांनी माझ्याकडे मान वळवली, मला शिकवायची संधी ते सोडत नसत. "केतकी, ओल राहिली ना की औषधाचा जोर पडून पडून उतरतो. गोळी दिसायला तशीच. पण ज्याला झटके येतात त्याला वाटतं आपण औषध घेतलंय, आणि तो गाडी चालवत असतो. कळलं? हा परत सुकवायला पाठवा."

"हो सर," मॅडम म्हणाल्या आणि तो कागद डाव्या बाजूला ठेवला.

मला शमीम मॅडमची कीव वाटली, खरं सांगते. वाटलं, हे दाखवायला बोलावलं? हा माणूस तर आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त जागा आहे.

दुसरा कागद झाला, तिसरा झाला. चहा आला. सर चहा पीत मला विचारत होते की आई कशी आहे, पाय दुखायचा थांबला का. आईच्या पायाचं मी त्यांना कधीतरी दिवाळीत सांगितलं होतं. ते त्यांच्या लक्षात होतं. कप ठेवून त्यांनी हात पुढे केला आणि डाव्या बाजूचा कागद उचलला. तोच, पहिला. वरपासून खालपर्यंत वाचला. शांतपणे, नीट, बोट ठेवून.

"हा छान आहे," ते म्हणाले. "सोडून देऊ."

मी शमीम मॅडमकडे पाहिलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

"सर, ह्यात पाणी जास्त आहे."

"कुठे?" त्यांनी पुन्हा पाहिलं. चेहरा बदलला. "अरे हो. मग आधी नाही का सांगायचं, शमीम? असं कसं माझ्यापुढे ठेवता तुम्ही?"

"चुकलं, सर."

"लक्ष द्या जरा."

"हो सर."

प्रिंटरचं झाकण माझ्या हातात होतं. ते बसवायचं कसं हे मला आठवेना.

नंतर नमुने ठेवायच्या खोलीत आम्ही दोघी उभ्या होतो. दोन्ही बाजूंना छतापर्यंत बाटल्या.

"कधीपासून?" मी विचारलं.

"मला कळलं गेल्या महिन्यात. असाच एक लॉट मंजूर झालेला दिसला, सकाळी त्यांनीच नाकारलेला. ट्रक गेटवर होता. मी धावत गेले. वॉचमनला सांगितलं, कागद चुकलाय, आणि माल उतरवून घेतला. सरांना विचारलं, तर म्हणाले, मी कशाला मंजूर करीन? तेव्हा समजलं." त्यांनी एक बाटली उगाचच सरळ केली. "मग मी पासवर्ड बदलायला लागले. टाकताना ते बघून लिहून ठेवायचे, म्हणून रोज नवा. त्यांना माहीत नसला की मला विचारावंच लागतं. मी शेजारी बसल्याशिवाय एकही मंजुरी होत नाही. सगळं तेच बघतात, मी फक्त शेवटचं तेवढं धरून ठेवते."

"आणि त्यांना वाटतं आपणच विसरलो."

"हो."

"वरती का नाही सांगितलं?"

"काय सांगू? उकिडवे सरांना आता जमत नाही म्हणून?" पहिल्यांदाच त्यांचा आवाज हलला. "मी एमएस्सी झाले तेव्हा आमच्याकडे नोकरीला कुणीच पाठवत नव्हतं मुलीला, तेही कारखान्यात. सर खेडला आमच्या घरी आले. सबंध दुपार अब्बांशी बोलले. आंब्याची कलमं कशी बांधायची यावरच जास्त. निघताना म्हणाले, मुलगी माझ्या खोलीच्या समोर बसेल. अब्बा शेवटपर्यंत सांगायचे, तो बामण कलमं बघायला आला आणि माझी पोरगी घेऊन गेला." त्या हसल्या. "निवृत्तीला थोडे महिने उरलेत. तेवढे काढीन मी."

"आणि मॅडम, तुम्ही एक दिवस आजारी पडलात तर?"

त्यांनी शेजारची बाटलीही सरळ केली. नंतर मला कळलं, भाचीच्या निकाहालासुद्धा त्या अर्धाच दिवस गेल्या होत्या.

मी वर आले. सर्व्हरच्या खोलीत एसी असायचा म्हणून लोक उन्हाळ्यात काहीतरी निमित्त काढून तिथे यायचे, पण त्या दिवशी कुणी नव्हतं. तेरवणकर साहेबांचे दोन फोन येऊन गेले, मी उचलले नाहीत. शमीम मॅडमचं नाव सांगितलं तर त्यांची नोकरी जाणार. सरांचं सांगितलं तर सरांचं काय होणार, कल्पनाही करवत नव्हती. आणि काहीच सांगितलं नाही तर एखाद दिवशी तो ट्रक गेटवर थांबणार नाही. कुठूनही सुरुवात केली तरी मी तिथेच येत होते. माझं वय पंचवीस होतं. मला फक्त तारखा तपासायला ठेवलं होतं.

जेवणाची सुट्टी व्हायच्या आधीच दारावर टकटक झाली आणि उकिडवे सर आत आले. दार लावून घेतलं.

"केतकी, तुझा तो काळा पडदा उघड. माझं नाव टाक."

मी टाकलं.

"शेवटचा कधी बदललाय?"

"काल दुपारी, सर."

"काल मी फोन केला होता का तुला?"

"हो."

"परवा?"

"परवा रविवार होता. शुक्रवारी केला होता."

त्यांनी मान हलवली. स्टूल ओढून बसले, अगदी पडद्याजवळ.

"आज सकाळी तू माझ्या खोलीत प्रिंटर उघडून बसली होतीस. तो प्रिंटर चालू होता, त्यावर काल काढलेलं पान माझ्या टेबलावरच होतं. म्हणजे तू मला बघायला आली होतीस. आणि शमीम माझ्याकडे अशी बघत होती, जसा मी आमच्या वडिलांकडे बघायचो शेवटी शेवटी." ते माझ्याकडे वळले. "पासवर्ड ती बदलते ना?"

मला खोटं बोलता आलं नाही. खरंही बोलता आलं नाही.

"राहू दे. तुझ्यावर कशाला आणू? मागच्या महिन्यात मी घरी जायला निघालो आणि जुन्या बिऱ्हाडी जाऊन बेल वाजवली. सोडून जमाना झाला ते घर. दार उघडलं त्या बाईला मी विचारलं, तुम्ही कोण? घरी गेल्यावर बायकोला सांगितलं नाही, पण तिला कळलं असणार. पुण्याच्या डॉक्टरांची वेळ तिने तीनदा घेतली, मी तिन्ही वेळा काही ना काही निमित्त काढलं." मग पडद्याकडे बोट केलं. "हे खातं तुला कायमचं बंद करता येतं?"

"येतं, सर. पण लेखी लागेल. तेरवणकर साहेबांचं..."

"ती माझी सही आहे, केतकी. माझी सही थांबवायला मला तेरवणकरांची परवानगी?"

"सर, आज नको. उद्या सकाळी शांतपणे..."

"उद्या नाही!" ते जवळजवळ ओरडले. मग आवाज खाली आणला. "अगं, आत्ता मला सगळं दिसतंय. स्वच्छ. सकाळपर्यंत दिसेल याचा भरवसा नाही. उद्या मी येईन, मला पासवर्ड चालत नाही म्हणून तुझ्यावर चिडेन. कदाचित वाईट बोलेन. मी काय बोलतो ते ऐकून घे, पण देऊ नकोस. कबूल?"

मी कबूल म्हटलं. त्यांच्या नावावर गेले, खातं बंद करायची खूण केली. एक साधी चौकोनी खूण असते ती. कळ दाबायच्या आधी त्यांच्याकडे पाहिलं. ते माझ्याकडे नाही, पडद्याकडे बघत होते, माल तपासताना बघायचे तसे.

"दाब," म्हणाले.

मी दाबली.

मग ते मला घेऊन तेरवणकर साहेबांच्या केबिनमध्ये गेले. वाटेत शमीम मॅडमना बोलावलं. सरांनी बसून, सरळ आवाजात सगळं सांगितलं. चुकीचा मंजूर झालेला लॉट, गेटवरून परत आलेला ट्रक. आपल्याला आता हे काम झेपत नाही, उद्यापासून मंजुरी परकारबाईंनी द्यावी, तपासणीला येणाऱ्यांनाही हे असंच, न लपवता सांगावं. तेरवणकर साहेब ऐकत होते. त्यांच्या टेबलावर एक बंद पाकीट पडलं होतं.

"ते सगळं ठीक आहे," ते शेवटी म्हणाले. "पण तुमचा पासवर्ड ह्या बाईंनी परस्पर बदलला, हा गुन्हाच आहे. तो मला सोडता येणार नाही."

"परस्पर?" सर म्हणाले. "मीच सांगितलं होतं तिला. रोज बदल म्हणून."

शमीम मॅडमनी झटकन मान वर केली.

"तुम्ही सांगितलं होतं?"

"माझ्या लक्षात राहत नाही, हे मला कळलं तेव्हाच सांगितलं. नाहीतर तिची काय हिंमत आहे?"

तेरवणकर साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "खरं का हे?"

"हो," मी म्हटलं. "मला सरांनी तसंच सांगितलंय."

त्यांनी पाकीट खणात सरकवलं. बाहेर पडल्यावर शमीम मॅडम भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. सर त्यांच्या खांद्यावर हलकेच थोपटून पुढे निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जरा लवकरच पोचले. कदाचित सर येणारच नाहीत, असं वाटत होतं. फोन वाजला तेव्हा उचलायच्या आधीच मी उभी राहिले होते.

"केतकी, हे काय चाललंय? कॉम्प्युटर मला आत घेत नाही."

"सर, मी खाली येते."

मी गेले. ते खुर्चीत पुढे झुकून बसले होते, चेहरा लालबुंद. शमीम मॅडम दारात उभ्या होत्या, हातात सकाळचे कागद. त्यांच्या स्वतःच्या नावावर मंजुरीची परवानगी आदल्या संध्याकाळीच मी चालू करून दिली होती.

"खातं बंद आहे असं सांगतंय हे. बंद? माझं? तपासणी तोंडावर आलीये, लॉट खोळंबलेत, आणि तुम्ही लोक खेळ करताय! आत्ताच्या आत्ता चालू कर."

"नाही करता येणार, सर."

"करता येणार नाही की करणार नाहीस?"

"करणार नाही."

ते उठले. इतक्या वर्षांत कुणी त्यांना असं उत्तर दिलं नसेल. "तुला इथे कुणी आणलं, माहीत आहे ना? तुझी मुलाखत मी घेतली होती. मी! पोरी, कुणाच्या जिवावर एवढी..." बोलता बोलता ते अडखळले. शमीम मॅडम एक पाऊल पुढे आल्या, मी हातानेच त्यांना थांबवलं. कबूल मी केलं होतं.

"कुणी सांगितलं तुला हे बंद करायला? तेरवणकरांनी?"

"नाही, सर."

"मग कुणी? नाव सांग मला."

"तुम्ही, सर. काल दुपारी. वर माझ्या खोलीत येऊन."

ते माझ्याकडे बघत राहिले. आठवायचा प्रयत्न करत होते, ते स्पष्ट दिसत होतं. मग त्यांनी शमीम मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी नुसती मान हलवली.

"मी सांगितलं?"

"हो, सर."

"शुद्धीत होतो का मी?"

"पूर्ण."

त्यांनी टेबलाची कड धरली आणि हळूहळू खाली बसले. चेहऱ्यावरची लाली उतरत गेली. बराच वेळ ते आपल्या हातांकडे बघत होते. मग मान वर केली, आणि प्लांट फिरवून दाखवताना ज्या आवाजात बोलले होते त्याच आवाजात मला म्हणाले,

"मग देऊ नकोस."